सातचे वीस कसे झाले?

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक पृथ्वीभोवती सेकंदाला साडेसात किलोमीटरहून थोड्या जास्त वेगाने फिरते. कॅमेलोपार्डालिस बी नावाची एक दीर्घिका आहे. तिच्यातला हायड्रोजन वायू केंद्राभोवती जास्तीत जास्त वेगाने फिरतो तो सेकंदाला सात किलोमीटरने. अख्खी दीर्घिका, आणि तिची चाल माणसाने चारशे किलोमीटर उंचीवर सोडलेल्या एका यंत्राहून मंद! आपला सूर्य आकाशगंगेच्या केंद्राभोवती सेकंदाला सुमारे २३० किलोमीटरने धावतो, हे आठवले की या सातचे नवल आणखी वाढते.

हा आकडा मोजला गेला तो पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीवर. आयेशा बेगम, जयराम चेंगलूर आणि उलरिख हॉप यांचा त्याविषयीचा शोधनिबंध २००३ साली आला. मात्र त्याच निबंधात पुढे सातचे सुमारे वीस होतात. मोजलेला वेग सात, ‘दुरुस्त’ केलेला वेग वीस. फरक तेरा किलोमीटरचाच दिसतो, पण दीर्घिकेचे वस्तुमान वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात निघते. सातचा वर्ग ४९, विसाचा ४००. म्हणजे या दीर्घिकेच्या वजनातले आठातले सात भाग फिरण्याच्या मोजणीतून आलेले नाहीत, ते दुरुस्तीतून आले आहेत.

दुरुस्ती चुकीची आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. ती केली नसती तरच निबंध चुकला असता. माझे म्हणणे वेगळे आहे. सूर्यासारख्या काही हजारांपासून काही अब्जांपर्यंत ताऱ्यांचा उजेड असलेल्या, कॅमेलोपार्डालिस बीसारख्या बटु दीर्घिकांना कृष्णद्रव्याची (न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या द्रव्याची) सर्वांत निर्मळ प्रयोगशाळा म्हणण्याचा प्रघात पडला आहे. कृष्णद्रव्याचे कण कसे असावेत, न्यूटनचा गुरुत्वनियम बदलावा लागेल का, असे मोठमोठे निवाडे त्यांच्या साक्षीवर मागितले जातात. पण ज्या कारणाने ही प्रयोगशाळा निर्मळ ठरते, नेमक्या त्याच कारणाने ती गढूळही आहे, आणि दुसरी बाजू आपण पुरेशी हिशेबात धरत नाही.

निर्मळ कशी, ते आधी पाहू. मोठ्या दीर्घिकेत मध्यभागी तारे इतके दाटलेले असतात की तिथल्या गुरुत्वाकर्षणात त्यांचा वाटा किती आणि अदृश्य द्रव्याचा किती, हे वेगळे काढणे कठीण जाते. बटु दीर्घिकेत तारे आणि वायू मिळूनही वजन नगण्य. केंद्रापासून कडेपर्यंत सगळीकडे कृष्णद्रव्याचीच सत्ता. एनजीसी ३७४१ ही दीर्घिका घ्या. बेगम, चेंगलूर आणि इगोर कराचेंत्सेव यांनी २००५ साली जीएमआरटीवरूनच दाखवले की तिच्या वायूची तबकडी ताऱ्यांच्या दृश्य विस्ताराच्या आठपट दूरवर पसरली आहे. त्या वायूच्या वेगावरून वस्तुमान काढले, त्याला उजेडाने भागले, तर उत्तर सूर्याच्या तुलनेत शंभराच्या वर जाते. छायाचित्रात धुरकट ठिपका दिसणारी ही दीर्घिका म्हणजे अंधाराचा मोठा गोळा आहे, आणि तारे ही त्यातली मधली थोडीशी उजळलेली जागा.

हा वायू डोळ्यांना दिसत नाही. उदासीन हायड्रोजनच्या अणूत इलेक्ट्रॉनचा फिरकीचा कल प्रोटॉनच्या सापेक्ष पालटतो तेव्हा २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर निघते. एकट्या अणूत असे घडायला सरासरी कोटभर वर्षे लागतात. पण अणूंची संख्याच अफाट असल्याने लहरींची कमतरता पडत नाही. हेंक व्हान दे हुल्स्ट यांनी १९४४ साली हे भाकीत केले, १९५१ साली इवेन आणि पर्सेल यांनी ती लहर पकडली. तिची वारंवारता आहे १४२०.४ मेगाहर्ट्झ. वायू आपल्यापासून सेकंदाला एक किलोमीटरने दूर जात असेल तर ती जेमतेम पावणेपाच किलोहर्ट्झने उतरते. सेकंदाला सात किलोमीटर फिरणाऱ्या दीर्घिकेची एक कड आपल्याकडे येते, दुसरी दूर जाते, आणि दोन्हींतला सगळा फरक या एवढ्याशा उतारचढावात शोधायचा असतो.

गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली जीएमआरटी या कामाला जणू बेतून घेतल्यासारखी आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. त्यांतल्या चौदा मध्यवर्ती चौकात दाटीवाटीने, उरलेल्या सोळा तीन दिशांना २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात विखुरलेल्या. जवळच्या तबकड्यांच्या जोड्या विरळ, पसरलेला वायू पकडतात; दूरच्या जोड्या बारकावे टिपतात. दोन्ही गोष्टी एकाच निरीक्षणातून हाती लागतात. या बळावरच ‘फिग्ज’ नावाच्या सर्वेक्षणात साठांहून अधिक अंधूक अनियमित बटु दीर्घिकांचा वायू तपासला गेला. मराठी वर्तमानपत्रांत जीएमआरटीची बातमी येते ती बहुधा स्पंदक ताऱ्यांची किंवा अतिदूरच्या दीर्घिकांची. या साठ-पासष्ट क्षुद्र दीर्घिकांना कोणी विचारत नाही. माझ्या मते खोडदचे सर्वांत टिकाऊ काम हेच.

आता गढूळपणाकडे येऊ. दीर्घिकांमधल्या कोमट हायड्रोजनचे तापमान काही हजार अंश असते. आठ हजार अंशांना हायड्रोजनचे अणू नुसत्या उष्णतेने सेकंदाला आठ किलोमीटरच्या आसपास इकडेतिकडे उडत असतात. गंमत अशी की हा आकडा दीर्घिकेचा आकार पाहून बदलत नाही. आकाशगंगेत तो आठ-दहा, बटु दीर्घिकेतही आठ-दहाच. २३० पुढे आठ म्हणजे किरकोळ. कोणी हिशेबातही धरत नाही. पण सात पुढे आठ? तिथे वायू गुरुत्वाकर्षणाला तोंड देतो तो थोडासा फिरून आणि बराचसा स्वतःच्या दाबावर. फिरण्याचा वेग तेवढा मोजला तर गुरुत्वाकर्षणाचा मोठा भाग हिशेबातून सुटतो. म्हणून दाबाचा वाटा परत मिळवावा लागतो. सातचे वीस होतात ते असे.

ही मिळवणी करायची तर वायूची घनता केंद्राकडून कडेकडे कशी उतरते, त्याच्या वेगातला विस्कळीतपणा जागोजागी किती आहे आणि तबकडी किती जाड आहे हे ठाऊक हवे. पहिल्या दोन गोष्टी कशाबशा मोजता येतात. तिसरी गृहीत धरावी लागते, आणि तिने खोडी केली आहे. फिग्जमधल्या दीर्घिकांच्या आकारांचा संबित रॉयचौधुरी, बेगम, चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी २०१० साली एकत्रित अभ्यास केला, तेव्हा जाडी आणि व्यास यांचे सरासरी प्रमाण निघाले ०.५७. सर्पिल दीर्घिकांची तबकडी पातळ असते. तिथे हे प्रमाण ०.१ किंवा ०.२ धरण्याची रीत आहे. बटु दीर्घिकेतल्या वायूला तबकडी म्हणणेच मुळात सौजन्याचे.

जाडीवर कल ठरतो, आणि कलावर सारे काही. दीर्घिका आपल्याकडे किती कललेली आहे ते कळल्याशिवाय खरा वेग निघत नाही, कारण आपल्याला दिसतो तो फक्त आपल्या रोखाने येणारा किंवा जाणारा भाग. तीस अंश कललेल्या दीर्घिकेत मोजलेला वेग दुप्पट करावा लागतो. तीच वीस अंश कललेली निघाली तर जवळपास तिप्पट. दहा अंशांच्या चुकीत वस्तुमान दुपटीहून अधिक बदलते. पातळ तबकडीचा कल तिच्या लंबगोलावरून काढता येतो. पण निम्म्याहून अधिक जाड, त्यातही वेड्यावाकड्या आकाराच्या ढगाचा कल काढणे म्हणजे अंदाजाचे काम.

हे झाले वायूचे. मग तारेच का मोजू नयेत? तारे वायूसारखे एकमेकांवर आदळत नाहीत, त्यांना दाब नसतो, सुपरनोव्हाच्या स्फोटाने ते ढकलले जात नाहीत. आकाशगंगेच्या अवतीभोवती ज्या बटु दीर्घिका आहेत त्यांत हाच मार्ग उरतो, कारण तिथे वायू शिल्लकच नाही. आकाशगंगेपासून दहाएक लाख प्रकाशवर्षांच्या आतल्या उपग्रह दीर्घिकांत, दोन्ही मॅगेलन मेघ सोडले, तर उदासीन हायड्रोजन सापडत नाही. आकाशगंगेभोवतीच्या तप्त वायूतून जाताना तो ओरबाडून निघतो. त्या मर्यादेपलीकडे सिंह राशीच्या दिशेला असलेली लिओ टी ही इवलीशी दीर्घिका मात्र आपला वायू राखून आहे.

या उपग्रह दीर्घिकांतले तारे फेर धरून फिरत नाहीत. पावसाळ्यात दिव्याभोवती पाखरे घोंघावतात तसे ते वाटेल त्या दिशेने, वाटेल त्या कलाने जातात. त्यांच्या वेगांमध्ये एकमेकांपासून जो फरक असतो, त्याच्या पसाऱ्यावरून गुरुत्वाकर्षण काढतात. मार्क ॲरनसन या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाने १९८३ साली ड्रॅको दीर्घिकेत असा प्रयत्न केला तो फक्त तीन कार्बन ताऱ्यांच्या आधारावर. पसारा निघाला सेकंदाला साडेसहा किलोमीटर, आणि त्यावरून दीर्घिकेत जेवढे तारे दिसतात त्याच्या कितीतरी पट द्रव्य असले पाहिजे असे अनुमान त्याने छापले. तीन ताऱ्यांवर एवढा डोलारा! शंका घेणाऱ्यांचा मुद्दाही खरा होता: जोडतारा असेल तर जोडीदाराभोवती फिरण्याचा वेग त्यात मिसळतो आणि पसारा फुगतो. पुढे शेकडो तारे मोजले गेले, जोडतारे वर्षानुवर्षांच्या निरीक्षणांतून वगळले गेले, आणि ड्रॅकोतला पसारा नऊ किलोमीटरच्या आसपास स्थिरावला. ॲरनसन बरोबर ठरला. ते पाहायला तो राहिला नाही. १९८७ साली किट पीक वेधशाळेत दुर्बिणीच्या घुमटात झालेल्या अपघातात त्याचा मृत्यू झाला.

ताऱ्यांची साक्ष तरी निर्विवाद आहे का? नाही. ताऱ्याचा आपल्याकडे येण्या-जाण्याचा वेग वर्णपटातून कळतो. आडवा वेग कळायला आकाशातली त्याची सरक मोजावी लागते, आणि ती इतकी सूक्ष्म असते की हबल आणि गाया या दुर्बिणींची वर्षांच्या अंतराने घेतलेली मोजमापे जोडून शिल्पकार आणि ड्रॅको अशा मोजक्या दीर्घिकांतच ती हाती आली आहे. आडवा वेग ठाऊक नसेल तर तारे केंद्राकडे सरळ झेपावतात की गोल फिरतात हे कळत नाही. आणि या दोन शक्यतांमधून केंद्राजवळच्या द्रव्याची अगदी वेगवेगळी रचना निघते. दीर्घिकेचा निम्मा उजेड ज्या त्रिज्येत सामावतो त्या त्रिज्येच्या आतले एकूण वस्तुमान मात्र या अज्ञानाने फारसे हलत नाही. म्हणजे वजन भरवशाचे, पण ते आत कसे मांडले आहे ते भरवशाचे नाही. आणि भांडण आहे ते नेमके मांडणीवरून.

ते भांडण असे. नवारो, फ्रेंक आणि व्हाइट यांनी १९९० च्या दशकात संगणकावर विश्व घडवून पाहिले, तेव्हा कृष्णद्रव्याचा प्रत्येक गोळा केंद्राकडे टोकदार होत जाणारा निघाला: जितके आत जावे तितकी घनता वाढती. प्रत्यक्षातल्या बटु दीर्घिकांत वायूचा वेग केंद्रापासून सावकाश, सरळ रेषेत वाढताना दिसला, म्हणजे आतली घनता सपाट. १९९४ सालीच बेन मूर, तसेच फ्लोरेस आणि प्रायमॅक यांनी ही विसंगती दाखवली होती. कॅमेलोपार्डालिस बीमध्येही सपाट गाभाच जुळला, टोक जुळले नाही. मग कृष्णद्रव्याचे कण थंड नसून कोमट असतील, एकमेकांवर आदळत असतील, अशा कल्पनांची रीघ लागली.

एका साध्या गोष्टीकडे मात्र सुरुवातीला दुर्लक्ष झाले. जिथे वायू आहे त्या दीर्घिका बहुतेक दूरच्या, तिथले एकेक तारे मोजणे दुरापास्त. जिथे तारे जवळ आहेत तिथे वायू नाही. दोन पद्धती दोन वेगळ्या जमातींवर वापरल्या गेल्या आणि निष्कर्ष एकत्र मिसळले गेले. एकाच दीर्घिकेत दोन्ही मोजता येतील अशा जागा बोटांवर मोजण्याइतक्या. डब्ल्यूएलएम ही त्यांतली एक: सुमारे तीस लाख प्रकाशवर्षांवर, एकाकी, वायूने भरलेली, तरीही मोठ्या दुर्बिणींना तिचे सुटे तारे दिसतात. रायन लीमन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली तिच्यातल्या ताऱ्यांचे वेग मोजले. ताऱ्यांत फिरणे आणि विस्कळीतपणा जवळपास समसमान निघाले. वायूत फिरण्याचे पारडे त्याच्या सुमारे सातपट जड. गुरुत्वाकर्षण एकच, दीर्घिका एकच, आणि दोन साक्षी इतक्या निराळ्या. फक्त ताऱ्यांचे फिरणे पाहणाऱ्याला ती हलकी वाटेल. वायूवाल्याने तिला फिरती तबकडी म्हटले तर ताऱ्यांचा निम्मा स्वभाव त्याच्या नजरेतून निसटेल.

टोक आणि गाभा यांच्या भांडणात जस्टिन रीड, मॅथ्यू वॉकर आणि पास्काल स्टेगर यांचे २०१९ चे काम मला निर्णायकाच्या सर्वांत जवळ जाणारे वाटते, आणि त्याचे कारण त्यांनी दोन्ही जमाती एका हिशेबात आणल्या हे आहे. सोळा बटु दीर्घिका. काहींत वायू मोजला, काहींत तारे. केंद्रापासून सुमारे पाचशे प्रकाशवर्षांवर कृष्णद्रव्याची घनता किती, एवढाच प्रश्न. ज्यांनी तारे घडवणे फार पूर्वी थांबवले, जशी ड्रॅको, तिथे घनता जास्त निघाली. ज्यांनी ते दीर्घकाळ चालू ठेवले, जशी फोर्नॅक्स, तिथे कमी. याचा यांत्रिक अर्थ आधीच मांडला गेला होता. ताऱ्यांचे स्फोट पुन्हा पुन्हा वायू बाहेर उडवतात, तो पुन्हा आत कोसळतो. या झटक्यांनी केंद्रातले गुरुत्वाकर्षण डळमळत राहते, कृष्णद्रव्याच्या कणांना थोडी थोडी ऊर्जा मिळते आणि टोक झिजून गाभा होतो. म्हणजे ज्या वायूची खळबळ आपण दुरुस्ती करून हिशेबातून दूर सारत होतो, तीच खळबळ त्या अंधाराला आकार देत होती. हे खरे असेल तर गाभा पाहून कणांचे स्वरूप ठरवण्याची घाई चुकीची होती, आणि अनेकांनी ती केली.

मॉर्डेहाय मिलग्रोम यांनी १९८३ साली मांडलेल्या ‘मॉंड’ या पर्यायाबद्दलही तितकेच काटेकोर राहायला हवे. अतिमंद त्वरणात गुरुत्वनियमच बदलतो, कृष्णद्रव्याची गरज नाही, असे तो म्हणतो. त्याला हिणवण्याची फॅशन आहे, पण बटु दीर्घिकांत त्याने भाव खाल्ला आहे. क्रेटर टू ही अवाढव्य पसरलेली, फिकट उपग्रह दीर्घिका २०१६ साली सापडली. स्टेसी मॅकगॉ यांनी मॉंडच्या आधारे आधीच सांगून ठेवले: ताऱ्यांच्या वेगांचा पसारा सेकंदाला २.१ किलोमीटरच्या आसपास असेल. २०१७ साली मोजला, निघाला २.७, भाकिताच्या त्रुटिमर्यादेत. कृष्णद्रव्याच्या बाजूने नंतर स्पष्टीकरण दिले गेले, की आकाशगंगेच्या ओढीने तिचे द्रव्य सोलून निघाले असेल. असेलही. पण आधी सांगणे आणि मागून समजावणे यांना मी एकाच तराजूत घालणार नाही.

उलट बाजूचे उदाहरण एजीसी ११४९०५ या वायुसंपन्न, विरळ दीर्घिकेचे. पाव्हेल मान्सेरा पिन्या आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली तिच्या वायूचा वेग सेकंदाला सुमारे २३ किलोमीटर काढला. तेवढे गुरुत्वाकर्षण दिसणारा वायू आणि तारेच पुरवतात. कृष्णद्रव्याला जागाच जवळपास उरत नाही. मॉंडला मात्र याच्या सुमारे तिप्पट वेग हवा होता. मथळे झळकले ते एका बाजूने ‘कृष्णद्रव्याविना दीर्घिका’, दुसऱ्या बाजूने ‘मॉंड संपला’. दोन्ही मथळ्यांखाली एकच कोन दडलेला आहे. निबंधात दीर्घिकेचा कल धरला आहे ३२ अंश. तो ११ अंशांच्या आसपास असेल तर मॉंड सहीसलामत सुटतो.

एनजीसी १०५२-डीएफ२ या दीर्घिकेचेही तसेच. पिएतर व्हान डोक्कुम यांच्या गटाने २०१८ साली दहा तारकागुच्छांच्या वेगांवरून तिच्यात कृष्णद्रव्य नाही असे जाहीर केले, आणि पुढची काही वर्षे ती मुळात किती दूर आहे यावरच वाद पेटला, कारण अंतर बदलले की उजेड बदलतो, आणि उजेड बदलला की सगळा हिशेब.

विश्वात कृष्णद्रव्य असे काही नाहीच, सगळा गोंधळ मोजणीचा, असा निष्कर्ष यातून कोणी काढला तर तो उतावळेपणाचा. ड्रॅकोतला अंधार तीन ताऱ्यांवर दिसला होता आणि शेकडो ताऱ्यांवर टिकला. बटु दीर्घिकांत दिसणाऱ्या द्रव्याला झेपणार नाही इतके गुरुत्वाकर्षण आहे, याबद्दल शंका घ्यायला आता जागा नाही. शंका आहे ती त्याची आतली मांडणी आणि त्यावरून काढलेल्या मोठ्या निष्कर्षांबद्दल. तिथे एखाद्या एकट्या दीर्घिकेच्या, केंद्रापासून वेग कसा बदलतो हे दाखवणाऱ्या एकट्या आलेखावर निवाडा देणे थांबले पाहिजे. डब्ल्यूएलएमसारख्या, दोन्ही साक्षी देऊ शकणाऱ्या दीर्घिका आधी शोधून त्यांच्यावर वेळ खर्च करणे हे नव्या कणाचा आणखी एक प्रस्ताव मांडण्यापेक्षा जास्त उपयोगाचे आहे. स्क्वेअर किलोमीटर ॲरे या आंतरराष्ट्रीय रेडिओ दुर्बिणीत भारत भागीदार आहे. तिथला वेळ वाटताना विश्वाच्या पहाटेचे प्रकल्प पुढे घुसतील हे सांगायला ज्योतिषी नको. शेजारच्या, क्षुल्लक दिसणाऱ्या दीर्घिकांसाठी भांडणारे कोणी तरी त्या बैठकीत असावे, आणि हे काम वीस वर्षे केलेल्या पुण्याच्या लोकांचा त्यावर हक्क पहिला आहे.

वाचकांना एवढेच सांगणे: ‘कृष्णद्रव्य नसलेली दीर्घिका सापडली’ किंवा ‘न्यूटन चुकला’ अशी बातमी पुढच्या वेळी वाचनात आली, तर मूळ निबंधात दीर्घिकेचा कल किती अंश धरला आहे आणि मोजलेल्या वेगात किती मिळवले आहे, हे दोन आकडे आधी शोधा. बातमीत ते बहुधा नसतात.